थरांमध्ये चुंबकीय आयन शिरला की ऊर्जापट्टे नुसते सरकतात की बदलतात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. टू-एच, म्हणजे दर दोन थरांनी पुन्हा तीच येणाऱ्या रचनेच्या, नायोबियम डायसल्फाइडच्या थरांमधल्या फटीत एक तृतीयांश प्रमाणात क्रोमियम किंवा कोबाल्ट शिरवलेल्या संयुगांची डीएफटी गणना, म्हणजे इलेक्ट्रॉन-घनतेवर आधारलेली संगणकीय गणना, आपण केली. आयन आपले इलेक्ट्रॉन थरांना देतो, थरांचा बँड, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट्टा, जसाच्या तसा राहतो आणि फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा, तेवढी वर चढते, असे आपण वाचले होते. प्रत्यक्षात आपली गणना या चित्रात बसत नाही, आपल्या गटाने वाढवलेल्या स्फटिकांवरची आर्पेस मापने, म्हणजे कोनानुसार घेतलेले प्रकाश-उत्सर्जनाचे वर्णपट, गणनेत बसत नाहीत, आणि हबर्ड यू, म्हणजे एकाच अणूवरच्या इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणासाठी गणनेत घालायचा आकडा, बदलला की सगळेच उत्तर बदलते. तेव्हा यू किती घ्यावा, असे आपण विचारले आहे.

यूबद्दल मी शेवटी लिहिणार आहे, पण माझ्या मते अडचण तिथे नाही. आपण एकाच प्रश्नात तीन प्रश्न गुंफले आहेत: आयनाने थरांना किती इलेक्ट्रॉन दिले, आयनावर चुंबकीय आघूर्ण, म्हणजे त्याची चुंबकीय ताकद, किती राहिले, आणि फर्मी पातळीवर जे इलेक्ट्रॉन दिसतात ते कोणत्या अणूचे आहेत. निव्वळ आयनिक चित्रात या तिन्हींचे उत्तर एकाच आकड्यातून निघते. आयन द्विसंयुजी म्हटला की दिलेले इलेक्ट्रॉन २, उरलेल्या ३डी इलेक्ट्रॉनांवरून आघूर्ण ठरले, आणि फर्मी पातळीवर फक्त नायोबियम. खऱ्या स्फटिकात ही तीन उत्तरे एकमेकांपासून सुटी होतात, आणि ती किती सुटी होतात हे आयनावर, त्याच्या प्रमाणावर आणि तो किती शिस्तीत बसला आहे यावर अवलंबून असते. म्हणून मी या तिन्ही गोष्टी आधी वेगवेगळ्या मोजतो आणि नंतरच त्यांची सांगड घालतो.

मोजणीची सुरुवात रिकाम्या थरांपासून करू. नायोबियम डायसल्फाइडमध्ये नायोबियमकडे ४डी कक्षेतला एकच इलेक्ट्रॉन उरतो, त्यामुळे प्रत्येक थराचा एक बँड बरोबर अर्धा भरलेला असतो. ब्रिल्वाँ झोन म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या संवेगांच्या नकाशातला मूळ कोष्ठ; त्याचा मध्य गॅमा आणि कोपरे के. या बिंदूंभोवती होलचे, म्हणजे रिकाम्या जागांचे, कप्पे असतात आणि दोन थरांचे मिळून सरासरी काढली तर त्यांचे क्षेत्रफळ ब्रिल्वाँ झोनच्या निम्मे भरते. हे संयुग सुमारे ६ केल्विनखाली अतिवाहक होते. आता एका नायोबियममागे १/३ या प्रमाणात द्विसंयुजी आयन आत गेला, तर प्रत्येक नायोबियमच्या वाट्याला २/३ इलेक्ट्रॉन जास्त येतो. बँडमध्ये जागा दोन, भरलेल्या १ आणि २/३; म्हणजे बँड ५/६ भरला आणि होलचे क्षेत्रफळ निम्म्यावरून एक षष्ठांशावर आले. आयन त्रिसंयुजी असेल तर नायोबियममागे पूर्ण एक इलेक्ट्रॉन येतो, बँड काठोकाठ भरतो आणि पदार्थ मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखा अर्धवाहक व्हायला हवा, कारण मॉलिब्डेनमकडे तोच बँड भरण्यासाठी दोन इलेक्ट्रॉन जात्याच असतात.

हे एक सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे इतके उपयोगी आहे. होल-कप्प्यांचे एकूण क्षेत्रफळ झोनच्या ‘अ’ इतका हिस्सा असेल आणि आयनाचे प्रमाण ‘क्ष’ असेल, तर प्रत्येक आयनामागे बँडमध्ये आलेले इलेक्ट्रॉन म्हणजे (१ − २अ) ÷ क्ष. समजा आर्पेसवरून अ ०.१० मिळाले. क्ष ०.३३ धरल्यास उत्तर सुमारे २.४ येते, आणि तोच स्फटिक प्रत्यक्षात ०.३० चा निघाला तर सुमारे २.७. म्हणजे रासायनिक प्रमाणात झालेली एक दशांशाची चूक आपल्याला ‘बहुधा द्विसंयुजी’ या निष्कर्षावरून ‘बहुधा त्रिसंयुजी’ या निष्कर्षावर नेऊन सोडते. त्यातच नायोबियम डायसल्फाइड वाढवताना थोडा जादा नायोबियमही त्याच फटींत जाऊन बसतो आणि तोही इलेक्ट्रॉन देतो. म्हणून भट्टीत टाकलेल्या मिश्रणाच्या प्रमाणावर मी कधीच विसंबत नाही. ज्या स्फटिकाच्या तुकड्यावर आर्पेस केले, त्याच तुकड्याचे प्रमाण मोजलेले असावे.

आता क्रोमियमचे कोडे पाहू, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज तिथूनच दूर होतात. क्रोमियमच्या या संयुगात संपृक्त आघूर्ण, म्हणजे सगळी आघूर्णे एका दिशेने वळवल्यावरचे, प्रत्येक क्रोमियममागे सुमारे ३ बोर मॅग्नेटॉन (हे आघूर्णाचे अणुपातळीवरचे एकक) येते. हा आकडा त्रिसंयुजी क्रोमियमचा, म्हणजे एका दिशेने उभ्या असलेल्या तीन इलेक्ट्रॉनांचा आहे. पण त्रिसंयुजी म्हटले तर वरच्या हिशेबाने बँड भरून जायला हवा आणि पदार्थ धातू राहायला नको. तो तर चांगला धातू आहे आणि आर्पेसमध्ये होलचे कप्पे स्पष्ट दिसतात. हा विसंवाद नवा नाही. १९६९ मध्ये विल्सन आणि यॉफी यांनी या थरयुक्त संयुगांचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यातून ताठ बँडचे, म्हणजे आकार न बदलता केवळ भरत जाणाऱ्या बँडचे चित्र रूढ झाले; १९८० मध्ये पार्किन आणि फ्रेंड यांनी नायोबियम आणि टँटलमच्या संयुगांत ३डी धातूंची जवळजवळ सगळी मालिका घालून चुंबकत्व आणि विद्युतवहन मोजले, तेव्हापासून संयुजेचा हा प्रश्न चर्चेत आहे.

यातली चूक अशी की, आघूर्ण हा वर-स्पिन आणि खाली-स्पिन इलेक्ट्रॉनांमधला फरक असतो, दिलेल्या इलेक्ट्रॉनांची ती पावती नसते. क्रोमियमभोवती सहा गंधक-अणू अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात. त्यामुळे ३डी कक्षके टी-टू-जी आणि ई-जी अशा दोन गटांत विभागतात. टी-टू-जी गटातल्या तीन कक्षकांत वर-स्पिनचे तीन इलेक्ट्रॉन बसतात आणि ते फर्मी पातळीच्या बरेच खाली असतात. त्यांच्यावर वाद नाही. वाद ई-जी गटातल्या कक्षकांचा आहे. ही कक्षके थेट गंधकाकडे रोखलेली असल्यामुळे त्यांचे गंधकाशी आणि गंधकामार्फत नायोबियमशी संकरण, म्हणजे मिश्रण, होते. या मिश्र अवस्थांचा काही भाग फर्मी पातळीखाली येतो. त्यातले इलेक्ट्रॉन क्रोमियमचे म्हणायचे की थराचे, याला एकच बरोबर उत्तर नाही. जोडीला नायोबियमवर उलट दिशेने थोडे ध्रुवीकरण झाले, तर एकूण आघूर्ण पुन्हा ३ च्या आसपासच राहते. म्हणून ‘आघूर्ण ३ आहे, सबब आयन त्रिसंयुजी आहे, सबब तीन इलेक्ट्रॉन थरात गेले’ या वाक्यातला प्रत्येक ‘सबब’ स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

बँड आपल्या जागी का राहत नाही, याचे दुसरे कारण आयन बसतो त्या जागेत आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. टू-एच नायोबियम डायसल्फाइडमध्ये एका थरातल्या नायोबियमच्या बरोबर माथ्यावर पुढच्या थरातला नायोबियम येतो आणि मधल्या फटीतली अष्टफलकी जागा याच उभ्या रेषेवर असते. आयन तिथे बसला की नायोबियम, आयन, नायोबियम अशी सरळ उभी साखळी तयार होते. दोन अणूंमधले अंतर जेमतेम ३ अँगस्ट्रॉम. आयनाचे डी-झेड-स्क्वेअर कक्षक वर आणि खाली, दोन्ही नायोबियमांच्या डी-झेड-स्क्वेअर कक्षकांकडे पाहत असते. एक तृतीयांश प्रमाणाच्या सुव्यवस्थित रचनेत प्रत्येक थरातल्या तीन नायोबियमांपैकी एकाच्या डोक्यावर आयन असतो, एकाच्या पायाशी असतो आणि तिसऱ्याच्या वर-खाली कोणीच नसते. म्हणजे सगळे नायोबियम आता सारखे राहिलेलेच नाहीत. शिवाय मूळ बँडमध्ये गॅमा बिंदूपाशी डी-झेड-स्क्वेअरचा अंश मोठा असतो आणि के बिंदूपाशी प्रतलात पसरलेल्या डी कक्षकांचा. त्यामुळे आयनाशी होणारे संकरण प्रत्येक बिंदूपाशी निराळ्या ताकदीचे असते; कुठे बँड खाली दबतो, कुठे फाटतो, कुठे जवळपास हलतच नाही. फर्मी पातळी एका पट्टीने वर सरकवून हे कधीच साधणार नाही.

तिसरे कारण साधे विद्युतस्थितिक आहे. धनभारित आयनांची एक चादर दोन थरांमध्ये पसरली की गंधकाच्या पी अवस्था आणि नायोबियमच्या डी अवस्था यांच्यातले अंतर बदलते, आणि दोन शेजारी थरांच्या बँडमधली फूटही बदलते. हे चुंबकत्वाशिवाय, अगदी अचुंबकीय आयनानेही होते.

ही तीन कारणे वेगळी करण्यासाठी मी जे करतो ते आपणही करून पाहावे. खर्च फार नाही. प्रथम रिकाम्या नायोबियम डायसल्फाइडची गणना. मग कोबाल्टच्या जागी जस्त किंवा मॅग्नेशियम ठेवून तीच गणना. हे दोन्ही द्विसंयुजी आहेत आणि फर्मी पातळीजवळ त्यांचे स्वतःचे काहीच नसते, कारण जस्ताच्या भरलेल्या ३डी अवस्था खूप खोल असतात. या गणनेत प्रभार आहे, विद्युतस्थितिक बदल आहे, जालकाची नवी रचनाही आहे, पण ३डी संकरण नाही. शेवटी खरा कोबाल्ट. पहिल्या दोन गणनांतला फरक म्हणजे प्रभार आणि विद्युतस्थितिक बदल यांचा परिणाम, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक म्हणजे कोबाल्टच्या ३डी कक्षकांचा खरा सहभाग. क्रोमियमसाठी असाच मुका साथीदार हवा असेल तर अ‍ॅल्युमिनियम घेता येतो. त्यात बँड भरून जातो आणि त्रिसंयुजी आयनाने खरोखर तीन इलेक्ट्रॉन दिले असते तर काय दिसले असते, हे डोळ्यांसमोर येते. आयन काढून टाकून नुसते इलेक्ट्रॉन वाढवण्याची आणि धनप्रभार सर्वत्र सारखा पसरण्याची पद्धतही वापरली जाते, पण तिच्यात धनप्रभार फटीत नसतो, म्हणून ती मी पहिल्या अंदाजापुरतीच ठेवतो.

आपल्या संदेशात एक वाक्य आहे की, आपण मापन खोलीच्या तापमानाला केले आणि म्हणून गणनाही ‘अचुंबकीय’ केली. इथे मला थांबून सांगितलेच पाहिजे, कारण ही चूक फार सर्रास होते आणि तिच्यामुळे महिने वाया जातात. क्रोमियमचे संयुग सुमारे १३० केल्विनच्या वर अनुचुंबकीय असते, याचा अर्थ आघूर्णे नाहीशी झाली असा नाही. ती प्रत्येक क्रोमियमवर तितकीच असतात, फक्त एकमेकांशी सुसंगत दिशेने उभी नसतात. डीएफटीमध्ये स्पिन बंद केला की आपण प्रत्येक अणूवरचे आघूर्णच पुसून टाकतो, हुंडच्या नियमाने, म्हणजे स्पिन एका दिशेने राखल्याने, मिळणारी सगळी ऊर्जा फेकून देतो, आणि अर्धवट भरलेल्या ३डी अवस्थांचा एक उंच, अरुंद डोंगर नेमका फर्मी पातळीवर आणून ठेवतो. तो डोंगर खऱ्या पदार्थात कोणत्याही तापमानाला नसतो. अनुचुंबकीय अवस्था दाखवायचीच असेल तर मोठ्या कोष्ठात आघूर्णांच्या दिशा विस्कळीत ठेवून सरासरी घ्यावी किंवा गतिक माध्य-क्षेत्र पद्धत वापरावी. हे शक्य नसेल तर लोहचुंबकीय (आघूर्णे एका दिशेने) आणि प्रतिलोहचुंबकीय (आघूर्णे एकमेकांना छेदून निव्वळ शून्य) अशा दोन-तीन रचना करून, त्यांत जे समान राहते तेवढ्यावरच भरवसा ठेवावा. सुव्यवस्थेची दिशा चुकीची धरली तरी चालेल, पण आघूर्ण पुसले तर काहीच उरत नाही.

आता आर्पेसकडे वळतो. १/३ प्रमाणात आयन सुव्यवस्थित बसले की प्रतलातला कोष्ठ तिप्पट मोठा आणि ३० अंशांनी फिरलेला होतो. मूळ कोष्ठाची बाजू ३.३ अँगस्ट्रॉमच्या आसपास, नवी सुमारे ५.७. व्यस्त अवकाशात, म्हणजे संवेगांच्या नकाशात, झोन एक तृतीयांश होतो आणि जुना के बिंदू नव्या गॅमा बिंदूवर येऊन दुमडतो. गणनेतल्या २० अणूंच्या कोष्ठात त्यामुळे बँडचे जंगल दिसते; मापनात मात्र बहुतांश तीव्रता जुन्या झोनमधल्या मूळ बँडच्या वाटेनेच जाते आणि दुमडलेल्या प्रती फिकट असतात. म्हणून गणना उलगडून, म्हणजे तिचे वजन जुन्या झोनवर प्रक्षेपित करून, मगच मापनावर ठेवावी. न उलगडलेल्या बँडांच्या जाळ्यात प्रत्येक मोजलेल्या रेषेला कुठला ना कुठला बँड जुळतोच, आणि तसा जुळलेला बँड काहीही सिद्ध करत नाही.

आपल्या कोबाल्टच्या स्फटिकात के बिंदूजवळ जो जादा कप्पा दिसतो, तो दुमडलेली प्रत आहे का, असे आपण विचारले आहे. याची कसोटी सरळ आहे. गॅमाभोवतीचा कप्पा होलचा आहे, तेव्हा त्याची केवर पडलेली प्रतही होलचीच असणार: बंधनऊर्जा वाढवत नेली, म्हणजे फर्मी पातळीच्या खाली खाली पाहत गेले, की तिचा घेर वाढत जाईल. आपल्या आकृतीत खाली गेल्यावर घेर आकसतो आहे, म्हणजे कप्पा इलेक्ट्रॉनचा आहे. तेव्हा ती प्रत नव्हे. याच संयुगावर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्पेस अभ्यासांतही झोनच्या कोपऱ्यांपाशी असाच उथळ इलेक्ट्रॉन-कप्पा दिसला आहे, जो रिकाम्या नायोबियम डायसल्फाइडमध्ये नाही आणि ताठ बँडच्या चित्रात बसत नाही. कोबाल्ट फर्मी पातळीवर स्वतः हजर आहे, याचा हा पुरावा मी गंभीरपणे घेतो. तरीही त्या कप्प्यावर कोबाल्टचे नाव लिहिण्याआधी एक मापन करावे: फोटॉनची ऊर्जा कोबाल्टच्या शोषणकडेवर, म्हणजे ७७८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आणावी आणि कडेच्या थोडी अलीकडे घेतलेल्या वर्णपटाशी तुलना करावी. ज्या अवस्थांत कोबाल्टचा ३डी अंश आहे त्यांचीच तीव्रता कडेवर उसळते. यालाच अनुनादी प्रकाश-उत्सर्जन म्हणतात. क्रोमियमसाठी हीच कडा ५७५ च्या आसपास आहे.

पृष्ठभागाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याने मला स्वतःला फसवले होते. आयन शिरवलेला स्फटिक चिरला की तो आयनांच्या फटीतच उघडतो, आणि त्या फटीतले आयन दोन्ही तुकड्यांवर वाटले जातात. ते सारखे पसरत नाहीत. कुठे आयनांनी झाकलेली बेटे राहतात, कुठे नायोबियम डायसल्फाइडचा उघडा थर. उघड्या थराला आयन फक्त खालून मिळतात. द्विसंयुजी आयन धरले, तर आतल्या थराला दोन्ही बाजूंनी मिळून नायोबियममागे २/३ इलेक्ट्रॉन येतो, तर उघड्या थराला १/३ च. वरच्या सूत्राने पाहा: आतल्या थरात होलचा हिस्सा १/६, उघड्या थरात १/३, म्हणजे बरोबर दुप्पट. आर्पेस मुख्यतः वरचे एक-दोन थरच पाहते, तेव्हा प्रकाशाचा ठिपका दोन्ही प्रकारच्या भागांवर पडला की एकाच्या आत एक असे दोन कप्पे दिसतात.

मी असेच दोन कप्पे एका क्रोमियमच्या स्फटिकात पाहिले आणि ती वर-स्पिन आणि खाली-स्पिन बँडमधली विनिमय-फूट आहे असे मानले. अंतर नीटस होते, रेषा स्वच्छ होत्या आणि लोहचुंबकीय गणनेतही जवळपास तेवढीच फूट येत होती. पुढच्या मापनसत्रात तापमान क्रांतिक तापमानाच्या बरेच वर नेले तेव्हा दोन्ही कप्पे जिथल्या तिथे होते. निव्वळ विनिमय-फूट असती तर एवढ्या वर ती जशीच्या तशी स्वच्छ राहिली नसती. मग त्याच चिरलेल्या पृष्ठभागावर ठिपका थोडा थोडा सरकवत नेला, आणि दर वेळी दोन कप्प्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर बदलू लागले. एका कोपऱ्यात तर मोठा कप्पा जवळजवळ नाहीसा झाला. गंधकाच्या गाभा-पातळ्यांचे, म्हणजे अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचे, वर्णपट घेतले तेव्हा त्यांतही त्याच क्रमाने बदल होत होता. दोन कप्पे दोन थरांचे होते, दोन स्पिनचे नव्हते. तेव्हापासून तापमान बदलणे आणि ठिपका सरकवणे ही दोन कामे केल्याशिवाय मी कोणत्याही फुटीला चुंबकीय म्हणत नाही. आपल्या मापनात ठिपक्याचा आकार किती होता हे पाहा. तो मोठा असेल तर आपल्या ‘अ’च्या मूल्यात दोन्ही प्रकारचे भाग मिसळलेले असणार, आणि त्यावरून काढलेली संयुजाही.

इथवर आलेल्या गोष्टी एकत्र मांडायच्या तर: प्रभाराचा हिशेब फर्मी पृष्ठाच्या, म्हणजे फर्मी पातळीवर दिसणाऱ्या कप्प्यांच्या, क्षेत्रफळावरून आणि मोजलेल्या प्रमाणावरून करावा, आघूर्ण चुंबकीय मापनावरून घ्यावे, पण त्यावरून संयुजा ठरवू नये, फर्मी पातळीवर ३डीचा वाटा किती हे अनुनादी प्रकाश-उत्सर्जनाने तपासावे. हे तीन आकडे हातात आल्यावर ‘यू किती’ हा प्रश्न विचारण्याजोगा होतो.

यू वाढवला की भरलेल्या ३डी अवस्था खाली जातात, रिकाम्या वर जातात, आणि दोन्ही फर्मी पातळीपासून दूर गेल्यामुळे संकरण कमी होते. म्हणजे यू पुरेसा मोठा घेतला की पदार्थ आपोआप ताठ बँडच्या चित्राकडे झुकतो. यामुळेच ‘यू घातल्यावर आयनिक चित्र बरोबर निघाले’ हे वाक्य पुरावा म्हणून चालत नाही. ते निष्पन्न आपणच यूच्या रूपाने आत ठेवलेले असते. मी यू फर्मी पृष्ठावर बेतत नाही. अनुनादी वर्णपटात ३डीचा मुख्य उंचवटा किती खोल आहे ते पाहतो, त्याच्याशी जुळणारा यू घेतो, आणि मग त्याच यूवर फर्मी पृष्ठ कसे येते ते स्वतंत्र कसोटी म्हणून तपासतो. ते जुळले नाही तर यू ओढूनताणून बदलण्यापेक्षा, एका स्थिर विभवाने हा पदार्थ वर्णन होत नाही असे मान्य करणे अधिक प्रामाणिक असते. या धातूंत दुहेरी मोजणीची, म्हणजे यू घातल्यावर दोनदा धरल्या गेलेल्या परस्परक्रियेची, दुरुस्ती कोणत्या प्रकारची घेतली, यावरही ३डी पातळ्यांची जागा हलते. ती कोणती घेतली हे नेहमी लिहावे.

कोबाल्ट आणि लोखंड यांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. त्यांच्या टी-टू-जी गटात खाली-स्पिनचे इलेक्ट्रॉन अर्धवट भरलेले असतात आणि यू असताना गणना कोणत्या कक्षकात ते बसवते हे सुरुवातीच्या स्थितीवर ठरते. दोनदा केलेली गणना दोन वेगळ्या ऊर्जांवर थांबू शकते. वेगवेगळ्या भरणींपासून सुरुवात करून सर्वांत खालची ऊर्जा शोधावी. लोखंडात तर कक्षीय आघूर्णही टिकून राहते, म्हणून स्पिन-कक्षा युग्मन, म्हणजे स्पिन आणि कक्षीय गती यांची जोड, तिथे वगळता येत नाही. एक चतुर्थांश लोखंड असलेले टँटलम डायसल्फाइड सुमारे १६० केल्विनखाली लोहचुंबक होते आणि त्याचे आघूर्ण थरांना लंब दिशा सोडायला अजिबात तयार नसते, ते याचमुळे. तिथे कोष्ठ दोन बाय दोनचा असतो आणि गॅमावर के नव्हे तर एम बिंदू (झोनच्या कडेचा मध्य) दुमडतो, हेही लक्षात असू द्यावे.

या सगळ्या बारकाव्याची गरज काय, असे आपल्या मनात येईल. आयनांमधले प्रतलातले अंतर सुमारे ५.७ अँगस्ट्रॉम आहे. इतक्या अंतरावर त्यांच्या कक्षकांची थेट गाठ पडत नाही. एका आयनाची दिशा दुसऱ्यापर्यंत मुख्यतः थरांतल्या वाहक इलेक्ट्रॉनांमार्फत पोहोचते, आणि ती कोणत्या चिन्हाने पोहोचते हे फर्मी पृष्ठाच्या आकारावर ठरते. तेच जालक, तेच प्रमाण, फक्त आयन बदलला की क्रोमियममध्ये सुमारे ४८ नॅनोमीटर लांबीचा मळसूत्री लोहचुंबकासारखा क्रम मिळतो आणि लोखंड-कोबाल्टमध्ये प्रतिलोहचुंबकत्व. क्रोमियमचे मळसूत्र शक्य होते कारण आयनांच्या सुव्यवस्थेने स्फटिकाची व्यस्तन-सममिती मोडते. ते मळसूत्र २०१२ मध्ये तोगावा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. कोबाल्टच्या संयुगात २०१८ मध्ये असामान्य हॉल परिणाम, म्हणजे चुंबकत्वामुळे प्रवाहाच्या काटकोनात उपजणारे व्होल्टेज, मोठ्या प्रमाणात आढळला, जरी त्याचे निव्वळ चुंबकन अगदी क्षीण आहे. आणि त्याच्या टँटलमच्या भावंडात २०२३ मध्ये आघूर्णे एका प्रतलात न राहता चतुष्फलकाच्या चार दिशांनी उभी राहतात असे दाखवले गेले. लोखंडाच्या नायोबियम संयुगात तर प्रमाण १/३ च्या किंचित खाली की किंचित वर, एवढ्यावर प्रतिलोहचुंबकीय रचनेचा प्रकारच बदलतो. हे सर्व ज्या फर्मी पृष्ठावर उभे आहे, ते केवळ सरकवलेले फर्मी पृष्ठ मानले तर विनिमय-युग्मनाचे चिन्हदेखील चुकू शकते.

आपल्या बाबतीत मी पुढचा क्रम असा ठेवीन. क्रोमियमची अचुंबकीय गणना बाजूला ठेवावी आणि लोहचुंबकीय गणना यूशिवाय करून ती जुन्या झोनवर उलगडावी. मळसूत्राची लांबी कोष्ठाच्या मानाने इतकी मोठी आहे की बँडसाठी लोहचुंबकीय रचना पुरते. मग अ‍ॅल्युमिनियमची मुकी गणना शेजारी ठेवून फर्मी पातळीजवळ नेमके काय जास्तीचे आले ते पाहावे. कोबाल्टसाठी जस्त आणि कोबाल्ट शेजारी ठेवावेत आणि केजवळचा इलेक्ट्रॉन-कप्पा जस्तात येतो का ते पाहावे. तो जस्तात येत नसेल तर संकरणाची बाजू भक्कम झाली. या गणना चालू असताना उरलेल्या स्फटिकावर ठिपका सरकवत तीन-चार जागी मापन घ्यावे.

आपल्या स्फटिकातले क्ष कशावरून ठरवले आहे, तेवढे प्रश्नात आलेले नाही. भट्टीतल्या मिश्रणावरून की स्फटिकावर प्रत्यक्ष मोजून, हे कळवले आणि गॅमा व के भोवतीच्या कप्प्यांची क्षेत्रफळे, तसेच ती कोणत्या फोटॉन-ऊर्जेला घेतली तेही दिले, तर प्रत्येक कोबाल्टमागे बँडमध्ये किती इलेक्ट्रॉन आले याचा हिशेब आपण मिळून करू शकू.